सूर्यमालेची घडण शोधणारे रसायनशास्त्रज्ञ : हॅरॉल्ड युरी

सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात, हे आज प्राथमिक शाळेतील मूलही सांगू शकते. त्यांची नावे, त्यांचा क्रम, सूर्यापासूनची अंतरे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु एकाच घरात जन्मलेली ही आठ भावंडे एकमेकांपासून इतकी वेगळी कशी, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे; शनीची घनता पाण्याहूनही कमी, अवघी ०.६९. तराजूच्या एका पारड्यात गुरू ठेवला तर दुसऱ्या पारड्यात ३१८ पृथ्व्या घालाव्या लागतील. उलट बुधासारखे अठरा ग्रह एकत्र केले तेव्हा कुठे एक पृथ्वी होईल. हा चिमुकला बुध पोटात लोखंडाचा मोठा गोळा बाळगून आहे, आणि पृथ्वीच्या अगदी शेजारच्या चंद्रात मात्र लोखंड फार थोडे. हे असे का व्हावे?

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७५५ मध्ये आणि फ्रेंच गणिती लाप्लास यांनी १७९६ मध्ये अशी कल्पना मांडली होती की, वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड फिरता मेघ आकसत गेला, त्याच्या मध्यभागी सूर्य झाला आणि भोवती ग्रह झाले. सारे ग्रह एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच पातळीत का फिरतात, ते या कल्पनेने समजले. पण एकाच मेघातून एक ग्रह लोखंड-दगडाचा आणि दुसरा वायूचा का निघावा, याचे उत्तर तीत नव्हते. खगोलशास्त्रज्ञांना ग्रहाचे वजन आणि त्याची गती एवढ्याशीच कर्तव्य असे. ग्रह कशाचा बनला आहे, हा खरे तर रसायनशास्त्राचा प्रश्न. तो ज्यांनी हाती घेतला त्यांत सर्वांत मोठे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरॉल्ड क्लेटन युरी यांचे आहे. गंमत अशी की, त्यांच्या कामाची सुरुवात कोणत्याही वेधशाळेत झाली नाही. ती एका खेड्यातील शाळेत झाली.

युरी यांचा जन्म २९ एप्रिल १८९३ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, वॉकर्टन या लहानशा गावी झाला. वडील शाळामास्तर होते आणि आपल्या पंथाचे धर्मोपदेशकही होते. त्यांना क्षयाची बाधा झाली. त्या काळी या रोगावर औषध नव्हते, कोरडी हवा हाच उपाय समजला जाई. म्हणून कुटुंब कॅलिफोर्नियाला गेले, पण उपयोग झाला नाही. हॅरॉल्ड सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. पुढे आईने दुसरा विवाह केला; सावत्र वडीलही त्याच पंथाचे धर्मोपदेशक होते. घरची शेती होती, पण पैसा नव्हता.

१९११ साली माध्यमिक शिक्षण पूर्ण झाल्यावर महाविद्यालयात जाण्याची ऐपत नसल्याने युरी यांनी शिक्षकाचे प्रमाणपत्र घेतले आणि खेड्यातील शाळेत नोकरी धरली. प्रथम इंडियानात आणि मग मोंटाना राज्यात अशी तीन वर्षे त्यांनी मास्तरकी केली. १९१४ मध्ये मिझूला येथील मोंटाना विद्यापीठात त्यांनी नाव घातले तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. खर्च वाचावा म्हणून ते तंबूत राहून अभ्यास करीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत रेल्वेचे रूळ टाकण्याच्या कामावर जात. तीन वर्षांत त्यांनी पदवी मिळवली, आणि तीही प्राणिशास्त्रात. आपल्याकडे वर्गात मागे राहिलेल्या, दोन-तीन वर्षे वाया गेलेल्या मुलाच्या भवितव्याविषयी पालक फार लवकर निराश होतात. अशा पालकांना युरींची ही तारीखवार हकीगत वाचायला द्यावी असे मला वाटते.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि युरी फिलाडेल्फिया येथील एका रसायन कारखान्यात स्फोटके तयार करण्याच्या कामाला लागले. शांततावादी पंथात वाढलेल्या या तरुणाला ते काम रुचले नाही. पण त्यामुळे ते रसायनशास्त्राकडे कायमचे वळले. युद्धानंतर त्यांनी मोंटानातच दोन वर्षे अध्यापन केले आणि मग कॅलिफोर्नियातील बर्कली येथे गिल्बर्ट लुईस या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९२३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतरचे वर्ष त्यांनी कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या संस्थेत घालवले. अणूची नवी रचना तेथे आकार घेत होती. परत आल्यावर बाल्टिमोर आणि १९२९ पासून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला.

कोलंबियात असतानाच त्यांच्या हातून तो शोध लागला, ज्याने त्यांचे नाव जगभर गेले. हायड्रोजन हे सर्वांत हलके मूलद्रव्य. त्याचा दुप्पट वजनाचा एखादा जुळा भाऊ, म्हणजे समस्थानिक, असेल काय? त्या काळी हायड्रोजनच्या अणुभाराची दोन मोजमापे उपलब्ध होती. त्या दोहोंत किंचित तफावत दिसली, आणि साडेचार हजार अणूंत एखादा जड अणू असेल तर ही तफावत मिटते, असे दोन शास्त्रज्ञांनी १९३१ मध्ये दाखवले. युरी यांनी ताबडतोब शोध सुरू केला. वॉशिंग्टनच्या फर्डिनंड ब्रिकवेडे यांनी द्रवरूप हायड्रोजन सावकाश उडवून तळाशी उरलेला वायू त्यांना पाठवला, आणि सहकारी जॉर्ज मर्फी यांच्यासह युरी यांनी त्या वायूच्या वर्णपटात अपेक्षित जागी नेमकी फिकट रेषा पाहिली. त्या दिवशी अमेरिकेत कृतज्ञतेचा सण होता. घरी जेवणाला पाहुणे बसले होते आणि युरी उशिरा पोहोचले. हा जड हायड्रोजन म्हणजेच ड्यूटेरियम. निसर्गात सुमारे साडेसहा हजारांत एक अणू त्याचा असतो.

पुढे १९३५ मध्ये असे आढळले की, ज्या मोजमापावरून शोध सुरू झाला ते मोजमापच चुकीचे होते. ते बरोबर असते तर तफावत दिसलीच नसती आणि कदाचित कोणी शोधायलाही गेले नसते. युरी यांनी ही गोष्ट लपवली नाही, स्वतःच प्रसिद्ध केली. चुकीच्या आकड्याने या वेळी त्यांना योग्य दारात नेऊन सोडले. आयुष्याच्या उत्तरार्धात दुसऱ्या एका चुकीच्या आकड्याने त्यांना कोठे नेले, ते पुढे येईलच.

१९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या युरी यांना मिळाले. पत्नी फ्रीडा यांचे बाळंतपण जवळ आले होते, म्हणून ते समारंभाला स्टॉकहोमला गेले नाहीत. मुलीच्या जन्मानंतर फेब्रुवारी १९३५ मध्ये जाऊन त्यांनी आपले व्याख्यान दिले. पारितोषिकाच्या रकमेतील वाटा त्यांनी ब्रिकवेडे आणि मर्फी यांना दिला. संशोधनासाठी मिळालेल्या एका अनुदानाचा अर्धा भाग त्यांनी इसिडोर राबी या तरुण सहकाऱ्याला दिला. राबी यांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

समस्थानिके वेगळी करण्यात युरी यांच्या तोडीचा माणूस अमेरिकेत नव्हता. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पाने त्यांना ओढून घेतले. युरेनियमचा हलका प्रकार जड प्रकारातून गाळून काढण्याचे काम कोलंबियात त्यांच्या देखरेखीखाली चालले. शेकडो माणसांचा कारभार, लष्करी अधिकाऱ्यांशी खटके आणि मनातील भीती यांनी ते खचून गेले. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी उद्ध्वस्त झाली. त्यानंतर युरी यांनी अणुऊर्जा लष्कराच्या ताब्यात राहू नये म्हणून गावोगाव व्याख्याने दिली, लेख लिहिले, संसदेच्या समित्यांपुढे साक्षी दिल्या. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत अणुऊर्जा मुलकी आयोगाकडे गेली, त्यात त्यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या खटपटीचा वाटा होता. १९५३ मध्ये रोझेनबर्ग दांपत्याला हेरगिरीच्या आरोपावरून देहदंड झाला तेव्हाही, लोकक्षोभाची पर्वा न करता, त्यांनी दयेसाठी आवाज उठवला. बाँबच्या कामातील त्यांचा वाटा यामुळे पुसला जातो असे मी म्हणणार नाही. तसे त्यांनीही कधी मानले असेल असे वाटत नाही. परंतु युद्धानंतर त्यांनी शस्त्रांच्या कामाकडे पाठ फिरवली आणि वयाच्या पन्नाशीनंतर एक नवेच शास्त्र शिकायला घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९४५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले. तेथे प्रथम त्यांनी प्राणवायूच्या समस्थानिकांकडे लक्ष दिले. समुद्रातील शिंपला बनतो तेव्हा त्यातील जड प्राणवायूचे प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात हे प्रमाण मोजले तर त्या काळचा समुद्र किती उबदार होता हे कळायला हवे. युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये डायनोसॉरच्या युगातील एका समुद्री प्राण्याच्या अवशेषात, झाडाच्या वलयांप्रमाणे, त्याने पाहिलेले उन्हाळे आणि हिवाळे ओळीने मोजून दाखवले. दगडाच्या रसायनात त्याचा इतिहास लिहिलेला असतो, ही खात्री त्यांना येथे पटली. तीच नजर घेऊन ते ग्रहांकडे वळले.

निमित्त झाले चंद्राविषयीच्या एका पुस्तकाचे. राल्फ बॉल्डविन यांचे ते पुस्तक १९४९ मध्ये निघाले होते. चंद्रावरील विवरे ज्वालामुखींची नसून आदळलेल्या पाषाणांची आहेत, असे त्यात सप्रमाण मांडले होते. युरी ते वाचून झपाटून गेले. तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, येल विद्यापीठातील व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा ग्रहांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रहांच्या उत्पत्तीचा विचार रसायनशास्त्राच्या नियमांनी, तापमान आणि दाब यांच्या हिशेबाने, इतक्या पद्धतशीरपणे त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

त्यांचा पहिला मुद्दा घनतेचा होता, आणि तो वर्गात सहज समजावता येण्यासारखा आहे. कापसाची गाठ दाबली की तोच कापूस कमी जागेत बसतो. तसेच मोठा ग्रह स्वतःच्या वजनाने स्वतःलाच दाबतो आणि त्याची घनता वाढते. म्हणून ग्रहांची तुलना करायची तर आधी हा दाब मनातल्या मनात काढून टाकला पाहिजे. तसे केले की पृथ्वीची घनता ५.५ वरून ४ च्या जवळ येते, शुक्राचीही तेवढीच, मंगळाची ३.७ च्या आसपास. चंद्र लहान, त्याची ३.३ च राहते. आणि बुध? तो लहान असल्याने दाब फारसा नाही. त्याची घनता ५.४ ची ५.३ एवढीच होते. म्हणजे दाब काढून टाकल्यावर बुध हा सर्वांत जड द्रव्याचा ग्रह ठरतो. त्या काळी काही शास्त्रज्ञ असे म्हणत की सारे खडकाळ ग्रह एकाच द्रव्याचे आहेत. पृथ्वीच्या पोटात लोखंड नाहीच, प्रचंड दाबाने दगडच धातूसारखा झाला आहे. बुधाने हे म्हणणे मोडीत काढले, कारण त्याच्या पोटात तेवढा दाबच नाही. तेव्हा ग्रहांमध्ये लोखंड आणि दगड यांचे प्रमाण मुळातच वेगवेगळे असले पाहिजे, आणि ग्रह जमत असताना ही वेगळवाट कशी तरी घडली असली पाहिजे, असा युरी यांचा निष्कर्ष होता.

दुसरा मुद्दा निऑन वायूचा. विश्वात निऑन काही दुर्मीळ नाही, त्याचे प्रमाण नायट्रोजनच्या बरोबरीचे आहे. आपल्या हवेत मात्र नायट्रोजन शेकडा ७८ आणि निऑन दहा लाखांत अवघे १८ भाग. निऑन गेला कोठे? तप्त पृथ्वीवरून तो अवकाशात उडून गेला म्हणावे, तर पाण्याची वाफ निऑनहून हलकी आहे; तीही उडून जायला हवी होती आणि आपले महासागर आज असायला नको होते. यातून एकच वाट उरते. पृथ्वी वायूपासून बनलीच नाही. ती धूळ, खडे, धोंडे अशा घन पदार्थांपासून जमत गेली. पाणी खनिजांशी संयोग पावून त्यांच्याबरोबर आले. निऑन कोणाशीच संयोग पावत नाही, म्हणून तो मागे राहिला. हा विचार युरींच्या आधीही काहींना सुचला होता, परंतु त्यावर ग्रहांच्या उत्पत्तीची इमारत उभी करण्याचे काम त्यांनी केले.

उल्कापाषाण म्हणजे त्या आरंभीच्या धोंड्यांचे उरलेसुरले नमुनेच. युरी आणि हार्मन क्रेग यांनी १९५३ मध्ये शेकडो उल्कापाषाणांची जुनी पृथक्करणे तपासून, चुकीची वाटली ती टाकून दिली, तेव्हा उरलेल्या पाषाणांचे लोखंडाच्या प्रमाणावरून स्वच्छ दोन गट पडले. हे गट आजही मानले जातात. १९५६ मध्ये हान्स झ्यूस यांच्यासह त्यांनी विश्वातील सर्व मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा तक्ता तयार केला. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी शिजतात हे शोधणाऱ्यांना तो तक्ता पायाभूत ठरला.

आकाराचा प्रश्न या तक्त्यावरूनच उकलू लागतो. सूर्याच्या वस्तुमानात हायड्रोजन आणि हेलियम यांचा वाटा शेकडा ९८ हून अधिक आहे. दगड आणि लोखंड बनवणारी सारी मूलद्रव्ये मिळून शंभरात एक भागही भरत नाहीत. सूर्याच्या जवळ उष्णतेमुळे पाणी, अमोनिया, मिथेन हे सारे वायुरूपच राहिले. गोठून घट्ट होण्याजोगे काय ते दगड आणि धातू. साहजिकच बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ यांच्या वाट्याला ही मूठभर शिदोरी आली आणि ते लहान राहिले. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे तिप्पट अंतरावर मात्र तापमान शून्याखाली शंभर अंशांच्याही खाली गेले आणि पाण्याचा बर्फ होऊ लागला. तेथे घन पदार्थांचा साठा एकदम वाढला. गुरू आणि शनी यांचे गाभे लवकर वाढून पृथ्वीच्या कितीतरी पट झाले आणि त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा हायड्रोजन व हेलियम ओढून घेतला. अशा वायूच्या तबकड्या काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत विरून जातात. युरेनस आणि नेपच्यून यांची वाढ दूरच्या विरळ प्रदेशात सावकाश झाली. त्यांच्या हाती वायू थोडाच लागला. म्हणून ते पृथ्वीच्या साडेचौदा आणि सतरा पटींवरच थांबले. हे चित्र एकट्या युरींचे नव्हे. मॉस्कोचे व्हिक्टर साफ्रोनॉव्ह यांनी १९६९ मध्ये धूळ आणि धोंड्यांपासून ग्रह कसे वाढतात याचे गणित मांडले, आणि पुढे अनेकांनी त्यात भर घातली. परंतु कोठे काय गोठले असेल, हा प्रश्न रसायनाच्या हिशेबाने विचारायला शिकवले ते युरींनीच.

याच विचारातून एक फाटा जीवसृष्टीकडे गेला. आरंभीच्या पृथ्वीवर मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन असावा असे युरी मानीत. त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली मिलर यांनी हे वायू आणि पाण्याची वाफ काचेच्या भांड्यात घालून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या, तेव्हा प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले तयार झाली. १९५३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा युरी यांनी त्यावरून आपले नाव काढून घेतले. आपले नाव राहिले तर सारे श्रेय नोबेल विजेत्याला जाईल आणि मुलाच्या पदरी काही पडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आहे त्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी.

आता चंद्राविषयी. चंद्र हा युरींचा सर्वांत लाडका विषय, आणि तेथेच त्यांची गाठ सर्वांत कठीण प्रसंगाशी पडली. सूर्यावर लोखंड किती आहे, याचे त्या वेळचे मोजमाप बरेच कमी येत असे. चंद्रातही लोखंड कमी. दोहोंचा मेळ बसला. यावरून युरींनी असे ठरवले की, चंद्र हा सूर्यमालेच्या पहिल्या दिवसांतला, कधीही न वितळलेला, थंड गोळा आहे. पृथ्वीने तो पुढे आपल्या कक्षेत पकडला. म्हणजे ग्रहांची मूळ सामग्री जशीच्या तशी पाहायची तर चंद्रावर जावे! १९५८ मध्ये स्थापन झालेल्या नासा या संस्थेला त्यांनी हे पटवून दिले, आणि चंद्राच्या वैज्ञानिक मोहिमांना चालना देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी राहिले. शिकागोचे खगोलशास्त्रज्ञ जेरार्ड कायपर यांचे मत याच्या उलट होते. चंद्र एके काळी वितळला होता, असे ते म्हणत. या दोघांचे वाद इतके विकोपाला गेले की सहकाऱ्यांना दोघांपासून अंतर राखावे लागे. मोठी माणसेही रागावतात, हे विद्यार्थ्यांना कळले तर काही बिघडत नाही.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी सुमारे साडेएकवीस किलो दगड-माती पृथ्वीवर आणली. युरी तेव्हा शहात्तर वर्षांचे होते आणि १९५८ पासून कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या नव्या विद्यापीठात काम करीत होते. चंद्रावरील काळे डाग बेसॉल्टचे निघाले. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या जातीचा, त्याच जातीचा हा थिजलेला लाव्हा. (आपले लोणार सरोवरही अशाच बेसॉल्टमध्ये आघाताने झालेले विवर आहे, म्हणून चंद्राचे अभ्यासक तेथे येत असतात.) त्या मातीत पांढऱ्या दगडाचेही कण सापडले. वितळलेल्या खडकाच्या समुद्रावर साय धरावी तसे हलके खनिज वर तरंगून चंद्राचे कवच झाले असावे, असे त्यांवरून दिसले. चंद्र वितळला होता. जवळपास त्याच सुमारास सूर्यावरील लोखंडाचे मोजमापही चुकलेले निघाले. प्रत्यक्षात लोखंड कितीतरी अधिक होते आणि चंद्राचा सूर्याशी बसवलेला मेळ निसटला. वीस वर्षे जपलेले मत दोन्ही बाजूंनी कोसळले. युरी यांनी काही काळ झुंज दिली, मग पुरावा मान्य केला आणि उतारवयात पुन्हा नव्या नमुन्यांच्या हिशेबाला बसले.

चंद्र पृथ्वीवर आदळलेल्या मंगळाएवढ्या गोळ्याच्या आघातातून झाला असावा, ही कल्पना १९७५ च्या सुमारास पुढे आली. चंद्रात लोखंड कमी का, याचे उत्तर तीत मिळते. आघातात उडाले ते मुख्यतः वरचे दगडी आवरण, लोखंड पृथ्वीच्या पोटातच राहिले. भारताचे चंद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले, तेव्हा प्रज्ञान या गाडीने तपासलेली मातीही त्या वितळलेल्या समुद्राच्या कल्पनेशी जुळली.

५ जानेवारी १९८१ रोजी ला होया येथे युरी यांचे निधन झाले. ज्या इंडियानात त्यांनी मास्तरकीला सुरुवात केली, तेथेच त्यांचे दफन झाले. चंद्राच्या पूर्व कडेला एका विवराला त्यांचे नाव आहे.

त्यांनी पुढे आणलेले बुधाचे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. मेसेंजर हे यान २०११ ते २०१५ बुधाभोवती फिरले. बुधाच्या त्रिज्येचा शेकडा ऐंशीहून अधिक भाग लोखंडी गाभ्याने व्यापलेला आहे हे त्याने पक्के केले. पण मोठ्या उष्णतेने दगड उडून गेला म्हणावे, तर आधी उडायला हवेत असे गंधक आणि पोटॅशियम बुधाच्या पृष्ठभागावर पुष्कळ सापडले. एखाद्या आघातात वरचा दगड खरवडला गेला, की सूर्याजवळ मुळातच लोखंड अधिक जमले, याचा निकाल लागायचा आहे. त्यासाठी युरोप आणि जपान यांनी मिळून ऑक्टोबर २०१८ मध्ये बेपीकोलंबो हे यान बुधाकडे पाठवले आहे.